मुठीतली दाढ

"पुढचे दात सुधारले, मग दाढा का नाही सुधारल्या? हात माझाच, हत्यारं तीच, बाई त्याच. सांगा ना, मॅडम!"

डॉ. हलीमा मुकादमांनी शार्दूलकडे न बघता खुर्चीतल्या बाईंच्या तोंडात डोकावून पाहिलं.

शार्दूल निमकर हिरड्यांच्या आजाराचं शिक्षण पहिल्या नंबरानं पुरं करून आला होता. हलीमा मॅडम दर गुरुवारी मठाच्या ओवरीत दातांचा दवाखाना चालवत. तिथे तो हाताखाली काम करी. नवं शिकण्यासारखं काही उरलेलं नाही, असं त्याला वाटे.

तीन महिन्यांपूर्वी त्यानं फुटाणेवाल्या अंबूबाई तरडे यांचे सगळे दात साफ केले होते. हिरडीखालचं कीटण खरवडलं होतं. ब्रश कसा फिरवायचा, तेही दाखवलं होतं.

आज पुढच्या हिरड्या गुलाबी दिसत होत्या. खालच्या दोन दाढांपाशी मात्र रक्त आणि पू.

"बाई मागे घासतच नाहीत," शार्दूल म्हणाला. "दोन्ही दाढा काढून टाकू."

अंबूबाई खुर्चीत ताठ बसल्या.

"सकाळी घासते, निजताना घासते. तुमी दावलं तसंच. मी खोटं बोलत न्हाई. आन् दाढा मी देनार न्हाई! भाकरी काय पुढच्या दातांनी कुरतडू, उंदरावानी?"

"मग इथे कशाला येता?"

"बरं व्हायला."

हलीमा मॅडम उठल्या. फडताळातल्या बाटलीतून त्यांनी काढलेले दोन जुने दात घेतले. एक पुढचा, एक दाढ. दोन्हींवर कीटण. हातमोजा घालून त्यांनी पुढचा दात मुठीत धरला, वरचं टोक तेवढं बाहेर ठेवलं.

"साफ कर."

शार्दूलनं बोटांच्या फटीतून हत्यार घातलं. चार मिनिटांत काम झालं. मूठ उघडली. एकच मूळ, चहूबाजूंनी स्वच्छ.

त्यानं अंबूबाईंकडे बघितलं.

मॅडमनी आता दाढ मुठीत धरली.

"साफ कर."

पंधरा मिनिटं गेली. "झालं," तो म्हणाला. "लिहून देतो."

मूठ उघडली...

दाढेला दोन मुळं होती. बाहेरून दोन्ही पांढरी. दोघांच्या मधल्या बेचक्यात कीटण होतं तसंच, तपकिरी, खडबडीत.

"मूठ बंद असताना मला दिसणार कसं?" शार्दूल चिडून म्हणाला. "ही काय परीक्षा झाली?"

"अंबूबाईंच्या हिरडीनं तुला उघडून दाखवलं होतं?"

अंबूबाईंनी हात पुढे केला. मॅडमनी ती दाढ त्यांच्या तळहातावर ठेवली आणि बाटली धुवायच्या ब्रशासारखा एक इवलासा ब्रश दिला. बाईंनी तो बेचक्यातून आरपार ओढला.

"हितनं जातोय की! पर माझ्या तोंडात ही वाट कुठंय?"

"हिरडीनं झाकलीय," शार्दूल हळूच म्हणाला. "हिरडी उघडून आतलं साफ करावं लागेल. मग ती जरा खाली शिवली, की ब्रशाला वाट राहील. रोज फिरवावा लागेल."

"फिरवीन."

"बाई... मी तुम्हाला खोटं ठरवलं."

"ठरवलंत," अंबूबाई म्हणाल्या. त्यांनी मान मागे टेकली आणि तोंड उघडलं.

शार्दूलनं हात धुतले. भुलीचं इंजेक्शन भरलं. तरी तो उभाच राहिला.

"मॅडम, एवढं करूनही दाढ गेली तर?"

हलीमा मॅडमनी पायानं स्टूल त्याच्याकडे सरकवलं.

"आज तोंडात आहे ना? मग बस."