देशमुखांची पन्नास पानं

जामगावचे देशमुख खंडेराव इतके सुटले होते, की त्यांना जोडा घालायला दोन गडी लागायचे. त्यांनी सगुणा वैदिणीला दरडावलं, "पथ्य नको, काढा नको, तालीम नको. दसऱ्यापर्यंत पोट उतरव, नाहीतर गाव सोड!"

"हवं ते खा, सरकार. फक्त रोज पन्नास पानांची पंगत बसवा, यजमान म्हणून स्वतः आग्रहानं वाढा आणि रीतीप्रमाणे सगळ्यांच्या मागून जेवा."

"हात्तिच्या! एवढंच?"

दोन महिने देशमुख पातेली घेऊन पळत होते. फुकटचं जेवण गाव सोडतं होय! यजमानाच्या वाट्याला खरवड उरायची. दसऱ्याला अंगरखा लोंबायला लागला.

"थेरडे, फसवलंस! औषध कुठंय?"

"औषध कशाला? तुमचं दुखणं तुम्हीच रोज पन्नास पानांवर वाढलंत. गावानं ते पचवलं!"

देशमुख पोट धरून हसले. आता ते दोन हातांत मावत होतं. वैदीण गावातच राहिली.