गोमाजीची जागा

किती वर्षं झाली ते कुणालाच ठाऊक नाही, पण फार वर्षं झाली. सह्याद्रीच्या आत आत, जिथं बैलगाडीसुद्धा पोचत नसे, तिथं उखळी नदीच्या काठावर पाणसांडे नावाचं गाव होतं, आणि त्या गावात गोमाजी नावाचा गळवाला होता. बाकीचे लोक गळाला गांडूळ लावत. गोमाजी पीस लावायचा. कोंबड्याच्या मानेचं पीस तो काळ्या दोऱ्यानं गळावर असं बांधायचा, की ते पाण्यावर टेकलं की माशाला वाटावं, माशीच बसली. असं म्हणतात, एकदा एका पाकोळीनं ते पीस हवेतच पकडलं होतं.

गोमाजीचा हात कसबी, पण मन कोतं. हातभर लांबीचे मासे तो कुठल्या जागेवरून आणतो, हे त्यानं कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलं नाही, बायकोला, चांगुणालाही नाही. पहाटे निघाला की तो आधी डोंगर चढून माळापर्यंत जायचा, आणि मागावरचे लोक दमून परतले की दुसऱ्या वाटेनं गुपचूप नदीवर उतरायचा. त्यामुळं सगळ्या गावाला वाटे, जागा माळाच्या पलीकडं आहे.

मग एक श्रावण असा आला, की तीन दिवस पाऊस थांबला नाही. चौथ्या दिवशी लोक सकाळी उठले तर पाऊस चालू, पण नदीचा आवाज बंद. पात्रात घोट्याएवढंही पाणी नव्हतं, आणि डबक्याडबक्यांत मासे तडफडत होते. देव पावला म्हणून सगळं गाव टोपल्या घेऊन नदीत उतरलं, कडेवर लेकरं घेतलेल्या बायासुद्धा. चांगुणा सगळ्यांच्या पुढं होती.

गोमाजी मात्र काठावरच थबकला. एवढा पाऊस पडतोय, तर पाणी जातंय कुठं? त्यानं काठालगतच्या डबक्यातलं ओंजळभर पाणी हुंगलं, तर त्याला फुटलेल्या डोंगराच्या मातीचा वास येत होता. त्याला उमगलं, वरच्या खिंडीत दरड कोसळली होती आणि तिच्यामागं नदी तुंबत होती. दरड फुटली की पात्रातलं एकही माणूस वाचणार नव्हतं.

त्यानं ओरडून सांगितलं, हात जोडून सांगितलं. कुणी मान वर केली नाही. शेवटी चांगुणाच कंबर सरळ करून म्हणाली, "आमी वर गेलो का तुमी एकलेच टोपली भरणार. जल्मभर मला जागा नाय सांगितली, आन् आज आमची काळजी आली व्हय?"

लोक हसले. गोमाजीला ते फार लागलं, कारण ती बोलली त्यात काही खोटं नव्हतं. त्यानं आयुष्यभर लपवाछपवी केली, म्हणूनच आज त्याचं खरं बोलणं कुणाला पटत नव्हतं.

तेव्हा त्यानं गळाची काठी खांद्यावर टाकली आणि शांतपणे म्हणाला, "ऱ्हायलं. मी आता म्हातारा झालो. जागा दावायची ती आजच दावतो. आत्ता जो माझ्या मागं येईल त्याला दिसंल. मागं ऱ्हाईल त्याला परत नाय."

आणि तो डोंगर चढू लागला. मागं वळून पाहावं म्हणून त्याचा जीव तुटत होता, पण पीस पाण्यावर असताना हात हलवायचा नसतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आधी टोपल्या पडल्याचे आवाज आले, मग पावलांचे. असं म्हणतात, सात वर्षं बाजेवरून न उठलेली ठकू आजी त्या चढाला चांगुणाच्याही पुढं होती. सगळे विचारत, "जागा कुठंय?" गोमाजी म्हणे, "अजून जरा वर."

माळावर पोचल्यावर पाहतात तो काय, नुसतं गवत आणि धुकं. चांगुणा चवताळून त्याच्यापुढं आली, एवढ्यात खाली डोंगर हंबरला. खिंडीतून झाडाएवढं पाणी आलं आणि टोपल्या, मासे, काठावरची खोपटी, सगळं घेऊन गेलं. असं म्हणतात, त्याचा फेस उडून माळावरच्या गवताला लागला.

चांगुणा घराघराचं नाव घेऊन हाका मारू लागली. एकेक घर "आलो" म्हणत गेलं. शेवटच्या घरानंही "आलो" म्हटलं, तेव्हा ती मटकन खाली बसली आणि हसता हसता रडू लागली.

"खोटं बोललात तुमी," ती म्हणाली.

"व्हय," गोमाजी म्हणाला. "जल्मभर माशांना फसवलं, आज तुमाला."

पाणी ओसरल्यावर त्यानं खरी जागाही गावाला दाखवली. पुरानं तिथं धोंडे भरले होते, मासा औषधालाही उरला नव्हता. तरी त्यानं बोट करून दाखवली, आणि त्याला हलकं हलकं वाटलं.

आजही श्रावणात त्या दिवशी पाणसांड्यात कुणी गळ टाकत नाही. अख्खं गाव रिकाम्या टोपल्या घेऊन माळ चढतं, आणि सगळ्यांत पुढं गावातला सगळ्यांत म्हातारा माणूस पीस बांधलेली काठी घेऊन चालतो. लोक विचारतात, "जागा कुठंय?" तो म्हणतो, "अजून जरा वर." माथ्यावर घराघराचं नाव पुकारतात आणि ज्याचं त्याचं घर ओ देतं. गोमाजीच्या घरात आता कुणी उरलेलं नाही. त्याचं नाव सगळ्यांत शेवटी घेतात, आणि तेव्हा सगळं गाव एकदम म्हणतं, "आलो."