लढाईतले पेव

डोंगरउतारावरच्या एका जंगलात एक साळिंदर राहत असे. त्याच्या आजीच्या तरुणपणी लांडग्यांच्या टोळीने या जंगलावर चाल केली होती. तेव्हा जनावरांनी आपले सारे धान्य जमिनीखालच्या पेवात भरले, पेवाचे तोंड मातीने लिंपून टाकले आणि ती नदीपलीकडे पळाली. लढाई संपली, लांडगे निघून गेले. पण पेवाची जागा ज्यांना ठाऊक होती, त्यांपैकी कोणी परत आले नाही. पुढे सगळे ते विसरून गेले, साळिंदराला मात्र आजीने सांगितलेली ती गोष्ट आठवत होती. यंदा मात्र रानात दाणा पिकला नाही आणि पिलांची पोटे खपाटीला गेली. साळिंदराने ते पेव शोधायचे ठरवले. उकरायला दोन घुशी तयार झाल्या, पण दिवसभर माती उकरायची तर घरच्या पिलांच्या पोटाला काय घालायचे, हा त्यांचा प्रश्न होता.

साळिंदर आधी कोल्ह्याकडे मदत मागायला गेले. कोल्ह्याने सगळे ऐकून घेतले आणि त्याला एक युक्ती सांगितली. पेव सापडलेच आहे, असे जंगलभर सांगायचे. मग वाटा मिळेल या आशेने जो तो घरातले उरलेसुरले आणून देईल आणि त्यावर दोघांचा उन्हाळा निघेल. उकरले नाही तरी चालेल. भूक साळिंदरालाही लागली होती. मग ते उठले आणि म्हणाले, "जे मी पाहिले नाही, ते पाहिले असे सांगून कोणाच्या तोंडचा घास मी घेणार नाही."

तिथून ते वारुळाशी आले आणि पेव उकरणाऱ्या घुशींसाठी त्याने मुंग्यांकडे धान्य मागितले. सगळ्यांत वडील मुंगीने त्याला विचारले, "पेव तू पाहिलेस का?"

"नाही, मुंगीआजी. आजीकडून ऐकले, एवढेच. सापडेल असे मला वाटते, पण खात्री देत नाही. नाही सापडले, तर पावसाआधी तुमच्या वारुळाभोवती चर खणून देईन."

मुंग्यांनी आपापसांत विचार केला आणि आपल्या साठ्यातले थोडे धान्य दिले. पेव तिथे असेल या अंदाजाने साळिंदर आणि घुशी एका मोठ्या खडकाखाली उकरू लागली. धान्य संपले, नखे झिजली, पण खडकाखाली नुसते दगडगोटे निघाले. घुशी म्हणाल्या, आता काही दिवस वारुळाच्या वाटेला न गेलेलेच बरे. साळिंदराला ते पटले नाही. ते मान खाली घालून मुंग्यांकडे गेले आणि कुठे उकरले, किती खोल गेलो, काय निघाले, ते सारे त्याने सांगितले.

ते ऐकून वडील मुंगी म्हणाली, "मोहाच्या झाडाखाली आमच्या मुंग्यांना बीळ पाडता येत नाही. तिथली माती थापल्यासारखी टणक आहे. आम्हाला वाटे, खडक असेल. तू एवढे सविस्तर सांगितलेस, म्हणून आज ते ध्यानात आले." तिने पुन्हा धान्य दिले.

मोहाखाली उकरताना घुशींच्या नखांना लिंपलेली माती लागली. ती फोडली, तर आत पेव. वरचा थर काळा पडून कुजला होता. पण साळिंदराने तो थर बाजूला सारला, तेव्हा खाली राखेत जपलेली नाचणी निघाली, कोरडी आणि घट्ट. साळिंदराने मुंग्यांचे धान्य आधी परत केले, मग सगळ्या जंगलाला बोलावले. पेव लढाईच्या वेळी सगळ्यांचे होते, म्हणून आताही सगळ्यांचेच, असे त्याने सांगितले. प्रत्येक घराला वाटा मिळाला आणि पेरणीसाठी एक मोठा ढीग बाजूला राहिला. त्या संध्याकाळी जंगलात एकही पिलू उपाशी झोपले नाही.

तात्पर्य : यशाची खोटी हमी देऊन मिळवलेली मदत फार दिवस पुरत नाही, अपयशही खरेपणाने सांगणाऱ्याला मदतीचा हात पुन्हा मिळतो.