दिवाणांची वेलांटी

करंजगडच्या कन्याशाळेला शिक्षिका हवी होती. अंबूताईंनी अर्ज केला आणि तिथेच घोडं अडलं, कारण प्रत्येक अर्ज दिवाण त्रिंबकराव वाचत. वाचत म्हणजे मजकूर नव्हे, अक्षर! अक्षरावरून माणूस ओळखण्याचा त्यांना भारी नाद. स्वतःच्या अक्षराचा तर एवढा गर्व, की संस्थानातल्या शाळांना कित्ताही तेच घालून देत.

भर दरबारात, अंबूताई समोर उभ्या असतानाच, दिवाणांनी त्यांचा अर्ज नाकासमोर धरला. "महाराज, ही लांबलचक वेलांटी पाहा. बाई हावरट आहे. उकाराचं पोट सुटलंय, म्हणजे आळशी. आणि हा वाकडा काना? अशा माणसाला उंबऱ्याच्या आत घेऊ नये!"

दरबारात खसखस पिकली. अंबूताईंची कानशिलं तापली, पण त्या हात जोडून म्हणाल्या, "दिवाणसाहेबांचं निदान मला मान्य आहे, महाराज. फक्त हे दुखणं माझं नव्हे. शाळेत मी त्यांचाच कित्ता गिरवला. वेलांटी जरा आखूड झाली, की हातावर छडी बसायची."

महाराजांनी दिवाणांच्या हातचा एक हुकूम मागवला आणि अर्जाशेजारी ठेवला. वेलांटीला वेलांटी, कान्याला काना!

"दिवाणजी," महाराज मिशीत हसले, "आता उंबऱ्याबाहेर कोणाला काढू?"

त्रिंबकरावांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. "मघाशी काच धुरकट होती, महाराज. लांब वेलांटी म्हणजे... उदार मन. बाईंना उद्याच रुजू करून घ्यावं."

"आणि वाकडा काना, दिवाणसाहेब?" अंबूताईंनी विचारलं.

"तो मात्र," दिवाण पुटपुटले, "पोरींना सरळ शिकवा."