पायाखालचं वल्हं

फार फार वर्षांपूर्वी शिरवेळच्या खाडीवर पूल नव्हता. पलीकडे जायचं तर धाकू तारीची होडी, दुसरा मार्ग नाही. धाकूचं वय कुणालाच ठाऊक नव्हतं. असं म्हणतात, खाडीत पहिली भरती आली तेव्हाही तो काठावर बसून तिचीच वाट बघत होता.

त्या काळी गावात कुणाचा पाय मुरगळला की एकच धावपळ उडायची. एकानं पाय ओढायचा, दुसऱ्यानं कढत तेलानं रगडायचा, आणि पाय टम्म फुगला की माणसाला उचलून होडीत घालायचं आणि पैलतीरावरच्या हाडवैद्याकडे न्यायचं. तिथं पुन्हा ओढणं, पुन्हा रगडणं. माणूस किंचाळला की सोबतचे खूश. "हात बरोबर लागला!" म्हणायचे. नुसतं थांबा असं सांगणाऱ्याला मात्र कुणी विचारत नसे. धाकू आपला वल्हवत राहायचा. पण जाताना पाहिलेला पाय तोच येतानाही पाहायचा, आणि येतानाचा पाय बहुतेक वेळा जास्त सुजलेला असायचा.

एका शिमग्यात लखूवर पाळी आली. वाघजाईच्या पालखीला पुढचा खांदा लखूच्या घराचा. वडील त्याच वर्षी गेलेले, म्हणून मान पहिल्यांदाच त्याच्याकडे आलेला. शेवटच्या दिवशी पालखी नाचवत देवळात न्यायची. त्या वेळी खांदा रिकामा राहिला तर मान चुलत्याच्या घरी जाणार, आणि गेलेला मान परत येत नसे. सकाळी वाडीत ढोल घुमला, तसा लखूला धीर धरवेना. ओल्या सारवलेल्या अंगणातच तो नाचायला लागला आणि पाय सटकला. घोट्यात अशी कळ गेली की डोळ्यांपुढे काजवे चमकले.

आईनं तेल तापवायला घेतलं, पण तेवढाही दम त्याला नव्हता. लंगडत, दात आवळत तो धक्क्यावर आला. मागून आई तेलाची वाटी घेऊन धावत आली.

"आबा, चल लवकर! वैद्य पाय बसवून देईल, दुपारी मला नाचायचंय."

धाकूनं घोट्याची हाडं बोटांनी चाचपली, मग त्याला चार पावलं टाकायला लावली. "हाड शाबूत आहे. बस."

आईला धक्क्यावरच ठेवून होडी निघाली. ओहोटी लागली होती. खाडीच्या मध्यावर होडी करकरली आणि वाळूत रुतून बसली.

लखू भडकला. "जन्म गेला इथं वल्हवण्यात, आणि एवढी वाळू दिसली नाही तुला?"

"दिसली. म्हणून तर लावली."

"आबा!"

"ओरड. ओरडल्यानं सूज वाढत नाही."

धाकूनं ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं पाण्याचं मडकं पुढं ओढलं. धोतराचं फडकं त्या गार पाण्यात भिजवून घोट्याभोवती बांधलं. घट्ट, पण बोटं निळी पडणार नाहीत इतपत. मग एक वल्हं दोन फळ्यांवर आडवं टाकलं आणि म्हणाला, "पाय वर ठेव यावर."

लखू दचकला. रोज पहाटे धाकू त्या वल्ह्याला हळदकुंकू लावायचा, हे साऱ्या गावाला माहीत होतं. "याच्यावर पाय? पाप लागेल मला."

"हे वल्हं मला जगवतं, तुझा पाय तुला. एकमेकांशी भांडायचे नाहीत ते. ठेव."

लखूनं पाय ठेवला. फडकं कोमट झालं की धाकू सोडायचा, जरा वेळ जाऊ द्यायचा, पुन्हा भिजवून बांधायचा. असं म्हणतात, मडक्यातलं पाणी त्या दिवशी संपलंच नाही. आणि असंही म्हणतात की खाडीनं भरती अडवून धरली, कारण पायाची ठणक अजून उतरायची होती. काठावरचे ढोल जवळ आले तसे लखूचे डोळे भरून आले. मान चालला होता, आणि तो वाळूत बसला होता.

तिकडे चुलत्यानं पुढचा खांदा घेतला. पालखी धक्क्यापाशी आली आणि जड झाली. दहा जणांनी जोर लावला, तरी हलेना. तेवढ्यात भरती आली, होडी अलगद सुटली आणि काठाला लागली. गुरव म्हणाला, "वाघजाईआईला होडीत बसायचंय."

पालखी होडीत ठेवली तेव्हा ती फुलासारखी हलकी होती. लखूनं बसल्या बसल्या पुढच्या दांड्याला खांदा दिला, पाय वल्ह्यावर तसाच. दुसऱ्या वल्ह्यानं धाकूनं होडी देवळाच्या पायऱ्यांना लावली.

"राहिला रे मान," काठानं चालत पायऱ्यांशी पोचलेली आई म्हणाली.

"राहिला ना? आता तरी ते तेल भाजीत घाल," धाकू म्हणाला.

पुढल्या शिमग्यात लखू असा नाचला की ढोलवाले थकले.

धाकू एका ओहोटीला होडी घेऊन गेला, तो परतला नाही. भरतीबरोबर आलं ते फक्त ते वल्हं, आणि देवळाच्या पायरीशी येऊन थांबलं.

आता खाडीवर पूल आहे, पलीकडे दवाखाना आहे. हाड मोडलं अशी शंका आली तर गाव थेट तिकडे जातं. पण शिमग्याच्या शेवटच्या टप्प्याला पालखी आजही होडीतूनच जाते. आणि पाय मुरगळलेल्या माणसाला आजही आधी सभामंडपात बसवतात, गार फडकं बांधतात, आणि त्याचा पाय उचलून हळदकुंकू लावलेल्या त्या वल्ह्यावर ठेवतात. देवळात बाकी सगळ्यावर माथा टेकायचा असतो. इथं पाय टेकायचा असतो, आणि कुणी क्षमा मागत नाही.