लाल वायरीची गाडी

एका गावात एक भोळा भाकरीवाला होता. भोळा हे आपलं लाडानं. गाव त्याला बिनडोक म्हणायचं, आणि गाव खोटं बोलत नव्हतं. नाव त्याचं लिंबाजी. भाकऱ्या थापायची त्याची बायको गिरिजा. हा फक्त पोचवायचा, आणि तेवढंही त्याला धड जमत नसे.

तालुक्याच्या एसटी डेपोतल्या कँटीनला रोज शंभर भाकऱ्या लागायच्या. साडेअकराच्या आत. लिंबाजी सायकलवरून निघायचा आणि बारा वाजवायचा. कँटीनवाले गोविंदशेठ एक दिवस म्हणाले, "ड्रायव्हर उपाशी गाड्या काढतात. असंच चाललं तर भाकऱ्या दुसरीकडून घेईन." घर त्या भाकऱ्यांवर चालत होतं. गिरिजानं गळ्यातली पुतळ्यांची माळ मोडली आणि नवऱ्याला बॅटरीची गाडी घेऊन दिली.

गाडी विकणारा पक्का लबाड. म्हणाला, "बारीक मोटारीच्या, पंचवीसच्या वेगाच्या गाडीला लायसन लागत नाही, नंबरप्लेट लागत नाही. ही कागदावर पंचवीसची. पण सीटखाली ही लाल वायर जोडली आहे ना, त्यामुळे साठनं पळते. कोणी काही विचारलं तर पंचवीस सांगायचं. कळलं?"

"कळलं," लिंबाजी म्हणाला. त्याला सगळं लगेच कळायचं, हीच तर पंचाईत होती.

दुसऱ्या दिवशी गाडी सुसाट निघाली. नाक्यावर वाहन तपासणीचं पथक उभं होतं. पथकातल्या मॅडमनी हात केला.

"नाव काय?"

"पंचवीस."

"गाव कोणतं?"

"पंचवीस."

"सकाळी सकाळी प्यायलात काय?"

"पंचवीस."

मॅडमनी त्याला तोंडाचा वास द्यायला लावला. वास आला तो ज्वारीच्या भाकरीचा. बिचाऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही असं समजून त्यांनी त्याला सोडलं. पण तोवर पाऊण तास गेला होता. डेपोत बारा वाजले.

गिरिजानं कपाळावर हात मारला. "अहो, विचारतील त्याचं खरं उत्तर द्यावं. फक्त लाल वायरीचं बोलू नका."

"एवढंच ना?" लिंबाजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी पुन्हा अडवलं. लिंबाजीनं नाव सांगितलं, गाव सांगितलं, सासुरवाडीही सांगितली. मग हात जोडून म्हणाला, "मॅडम, काहीही विचारा. फक्त सीटखालच्या लाल वायरीचं विचारू नका. बायकोनं बोलायला मनाई केली आहे."

मॅडमनी सीट उचलली. असा गुन्हेगार त्यांच्या उभ्या नोकरीत भेटला नव्हता. त्यांनी वायर कापली आणि सज्जड दम दिला. "पहिली वेळ म्हणून सोडते. आता गाडी पंचवीसच्या वर जाणार नाही, म्हणजे कायद्यात बसते. पुन्हा वायर जोडलीत तर जप्त करून डेपोच्या आवारात टाकीन. आणि यापुढे शिट्टी वाजली की जागच्या जागी थांबायचं."

त्या दिवशीही बारा वाजले. पण गिरिजाला बरंच वाटलं. चोरी नाही तर भीती कसली? अर्धा तास आधी निघालं की झालं. तिनं पहाटेच चूल पेटवली आणि नवऱ्याला लवकर रस्त्याला लावलं.

वाटेत शाळा होती. मैदानावर पीटीचा तास चालू होता. सरांनी शिट्टी वाजवली. लिंबाजी जागच्या जागी थांबला. मुलांनी हात वर केले, खाली केले, मुलं कमरेत वाकली, सरळ झाली. शिट्टीमागून शिट्टी. तास संपेपर्यंत लिंबाजी उन्हात उभा. सरांनी हाकललं तेव्हा कुठे हलला.

गोविंदशेठ आता चिडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "लिंबाजी, उद्या शेवटचं. उशीर झाला तर परवापासून येऊ नकोस."

गिरिजाच्या डोळ्यांत पाणी आलं. माळ गेली ती गेली, आता भाकऱ्याही जायची वेळ आली. तरी तिनं समजावलं. "अहो, शिट्टी कुणाचीही ऐकायची नाही. खाकी कपड्यांतला माणूस असला तरच थांबायचं. तो सांगेल तसं करायचं. सही मागितली तर करायची. वाद घालायचा नाही."

"यात काय अवघड आहे?" लिंबाजी म्हणाला.

चौथ्या दिवशी सगळं सुरळीत झालं. रस्त्यात पथक नाही, शिट्टी नाही. साडेअकराला दहा मिनिटं असताना लिंबाजी डेपोच्या फाटकात शिरला. समोर पंचवीस पावलांवर कँटीन. ड्रायव्हर ताटं घेऊन बसलेले. गोविंदशेठनी घड्याळ पाहिलं आणि चक्क हसले.

तेवढ्यात शिट्टी वाजली. फाटकापाशी खाकीतला रखवालदार उभा होता. पथकानं सकाळीच चोरून वेग वाढवलेल्या पंधरा-वीस गाड्या धरल्या होत्या, आणि त्यांचे मालक त्या एकेक आत आणून लावत होते.

"रांगेत लाव," रखवालदार खेकसला.

लिंबाजीनं लावली.

"गुन्हा काय?"

खरं सांगायचं ठरलं होतं, आणि वायर कापल्यावर मनाई कसली. "लाल वायर."

"साखळी घाल. कर सही."

लिंबाजीनं साखळी घातली, ऐटीत सही केली, पावती घडी करून खिशात ठेवली आणि चालत घरी आला.

गिरिजा दारात वाट बघत होती. "वेळेत पोचलात?"

"दहा मिनिटं आधी."

"देवच पावला. आणि गाडी कुठे आहे?"

"डेपोत. साखळी घालून. आता पंचवीसच्याच काय, एकच्याही वर जात नाही. मॅडम खूश होतील."

गिरिजा मटकन खाली बसली. "आणि भाकऱ्या हो?"

लिंबाजीनं खिशातून पावती काढली आणि बोट ठेवून वाचून दाखवली. "गाडी एक, डबा एक, भाकऱ्या शंभर. सील मारून ठेवल्यात. कुणाच्या बापाची हात लावायची टाप नाही."