खिंडीतल्या रांजणाची कहाणी

ऐक खिंडीतल्या आई, तुझी कहाणी.

आटपाट म्हणावं असं एक नगर होतं. तिथं एक राणी होती. तिला भिवरा नावाची धाकटी जाऊ होती. नगराला यायची वाट एकच, उघड्याबोडक्या खिंडीतून. झाड नाही, सावली नाही, पाण्याचा थेंब नाही. वैशाख लागला की राणी उदककुंभाचं व्रत धरी. वाळा घातलेल्या पाण्याच्या घागरी रोज पुरोहिताच्या घरी नेई. पुरोहित तिचं नाव, तिचं कूळ मोठ्यानं उच्चारी, मग घागर घेई. राणीमागून नगरातल्या साऱ्या बायका तेच करीत. पुरोहिताच्या परसातली विहीर तुडुंब. एवढं पाणी प्यायचं कुणी? तो घागरी केळींना ओतून देई.

भिवराच्या जिवाची तगमग होई. मग ती राणीला म्हणाली, की तहान खिंडीत आहे, तर घागरी खिंडीत ठेवू. इथं घागरीनं केळीचं पान वाढतं, तिथं त्याच घागरीनं माणूस वाचेल. राणीला पटलं. खरं बोललीस म्हणाली. दुसऱ्या दिवशी घागरी पुरोहिताकडे गेल्या.

मग भिवरानं तिला हाताला धरून पुरोहिताच्या परसात नेलं, केळींतला चिखल दाखवला. राणीचा पाय घोट्यापर्यंत रुतला. खरंच गं बाई, म्हणाली. लुगड्याचा काठ धुतला, आणि घागरी पुरोहिताकडे गेल्या.

मग भिवरानं एक वाटसरू बाई आणली. तिची सासू खिंडीत पाणी पाणी करीत गेली होती. राणीनं ऐकलं, डोळ्यांना पदर लावला, बाईला नवं लुगडं दिलं. आणि घागरी? पुरोहिताकडेच.

आता मात्र भिवरा संतापली. म्हणाली, "बाई, दर खेपेला पटलं म्हणता. मग हात का वळत नाही?"

राणी म्हणाली, "पटतं गं सगळं. पण खिंडीत माझं नाव कोण घेणार?"

काय म्हणावं या बाईला? तिकडं माणसं तडफडून मरतात, आणि हिला नाव हवं.

मग भिवरानं आपल्या घरचा रांजण खिंडीत नेऊन ठेवला. बायका हसल्या. मंत्र नाही, संकल्प नाही, हे कसलं मेलं व्रत, थोरलीशी चढाओढ नुसती, म्हणाल्या. भिवरानं ऐकून सोडून दिलं. डोक्यावरून पाणी वाही, रांजण भरी, दुपारपर्यंत तो रिकामा होई. एकटीचे हात पुरणार किती?

अशात राणीची लेक अंबू पहिल्या बाळंतपणाला माहेरी निघाली. भर दुपारी डोली खिंडीत आली. रांजण कोरडा. अंबूला घेरी आली, ओठ काळे पडले. रांजणापाशी बसलेली भिवरा तशीच अनवाणी धावत नगरात आली. राणी पुरोहिताच्या अंगणातच होती. भिवरानं घागरीला हात घातला. पुरोहित म्हणाला, हे राणीच्या नावानं सोडलेलं पाणी, दुसऱ्या कुणाला चालत नाही. भिवरानं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती राणीला म्हणाली, "तुमची अंबू खिंडीत पडलीय. पाणी न्यायचं, की आधी नाव घ्यायचं?"

राणीनं घागर उचलली. डोईवरचा पदर पडला, पायांना ठेचा लागल्या, पण धावली. लेकीच्या तोंडात पाणी घातलं. लेकीनं डोळे उघडले. पोटातलं मात्र राहिलं नाही.

मग राणी खिंडीतल्या आईच्या शेंदरी दगडापुढं पडली. म्हणाली, "आई, माझ्या व्रतात काय उणं होतं? मला आधी सांगितलं का नाहीस?"

आई कोपली. म्हणाली, "तीनदा सांगितलं, तुझ्या जावेच्या तोंडून. चौथ्यांदा काय सांगू?"

राणी उठली. मग तिनं खिंडीत रांजणांची ओळ मांडली. एकावरही नाव घातलं नाही. येणारेजाणारे पाणी पीत, तोंड पुशीत, पुढं जात. कुणी विचारीत नसे हे कुणाचं, आणि ती सांगत नसे.

राणीला जे नातवंड गमावून कळलं, ते तुम्हांआम्हांला नुसतं ऐकून कळो. ज्याला तहान, त्याच्याच हाती आपलं पाणी जावो. साठां उत्तरांची ही कहाणी पांचां उत्तरांत सांगितली, ऐकणारीला सुफळ होवो.